रोलर डर्बीच्या ट्रॅकवर प्रशिक्षकाने गप्प राहावे, असे मला का वाटते

मार्कंडेयकाठ

बेळगाव शहर आणि खानापूर तालुका येथील सोळा मुलींना मी गेली तीन वर्षे रोलर डर्बी शिकवते आहे. प्रशिक्षकाने नेमके काय करावे आणि काय करू नये, याविषयीचे माझे मत या तीन वर्षांत पुरते बदलले. ते इथे सविस्तर मांडते, कारण आपल्या भागात स्केटिंग, कबड्डी, खो-खो आणि कुस्ती शिकवणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून त्याची पारख व्हावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. दोन चाके पुढे आणि दोन मागे असलेले स्केट घालून, लांबट गोल सपाट ट्रॅकवर दोन संघ एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. प्रत्येक संघाच्या पाच जणी एका वेळी ट्रॅकवर असतात. त्यांतली एक जॅमर असते आणि तिच्या हेल्मेटवर ताऱ्याचे आवरण असते. उरलेल्या चौघी ब्लॉकर, आणि त्यांच्यातली पट्ट्याचे आवरण घातलेली ती पिव्हट. दोन्ही संघांच्या ब्लॉकर मिळून जो घोळका होतो त्याला पॅक म्हणतात. जॅमरने एकदा त्या घोळक्यातून बाहेर पडायचे, फेरी मारून पुन्हा त्यात शिरायचे आणि प्रतिस्पर्धी ब्लॉकरना मागे टाकत जायचे. मागे टाकलेल्या प्रत्येकीचा १ गुण मिळतो. असा एक जॅम, म्हणजे एक डाव, जास्तीत जास्त २ मिनिटांचा असतो, दोन जॅमच्या मध्ये ३० सेकंद मिळतात आणि सामना ३० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर यांनी रोलर डर्बी सुरू केली ती दिवसेंदिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या रूपाने. आज खेळला जातो तो सपाट ट्रॅकवरचा खेळ मात्र या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमधील ऑस्टिनच्या स्त्रियांनी उभा केला, आणि त्याची संघटना २००४ पासून खेळाडूंनी स्वतःच चालवली आहे. ही शेवटची गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

नोकरीनिमित्त मेलबर्नमध्ये राहत असताना मी हा खेळ खेळले आणि परत आल्यावर शहापूरच्या आमच्या गल्लीतल्या चार मुलींपासून शिकवायला सुरुवात केली. पहिले वर्षभर मी ट्रॅकच्या मधोमध उभी राहून अखंड ओरडत असे. आत ये, बाहेर सरक, मागे बघ, गुडघे वाकव, असे एकामागून एक सांगत राहणे म्हणजेच शिकवणे, अशी माझी समजूत होती. मुली ऐकतही होत्या. सरावात भिंत, म्हणजे जॅमरला अडवायला ब्लॉकरनी एकमेकींना चिकटून धरलेली फळी, छान उभी राहायची. पहिल्यांदा आम्ही बाहेरच्या मुलींबरोबर मैत्रीपूर्ण सामना खेळलो, तेव्हा प्रेक्षकांच्या गलक्यात माझा आवाज ट्रॅकपर्यंत पोहोचेना, आणि त्या क्षणापासून माझ्या चौघी ब्लॉकर चार दिशांना पाहत उभ्या राहिल्या. त्यांना एकमेकींशी बोलण्याची सवयच नव्हती. ती सवय मी लागू दिली नव्हती.

हे का घडले याचा विचार करताना माझे लक्ष कबड्डीकडे गेले. माझ्या गटातल्या निम्म्या मुली शाळेत कबड्डी खेळून आलेल्या आहेत. कबड्डीत चढाई करणाऱ्याला अडवायला हाताची साखळी असते. मनगट घट्ट धरले की शेजारणीचे शरीर काय करते आहे ते बोलल्याशिवाय कळते. डर्बीत ही सोय नाही. आपल्या जोडीदारणीला स्पर्श करता येतो, तिच्या पाठीला किंवा कमरेला आधार देता येतो, परंतु पकड तोडल्याशिवाय प्रतिस्पर्ध्याला जाताच येणार नाही अशी हातांची साखळी केली की दंड होतो, आणि दंड म्हणजे ३० सेकंद बाहेर बसणे. एका सामन्यात असे ७ दंड झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाद होते. म्हणून हातांनी बांधता येत नाही ती साखळी आवाजाने बांधावी लागते. नवीन मुलीला भिंत शिकवताना मी आता पाय, कंबर आणि खांदे यांच्याइतकाच वेळ आवाजाला देते.

आपल्या मुलींच्या बाबतीत हे सोपे नाही. घरात, शाळेत, बसमध्ये त्यांना हळू बोलायला शिकवलेले असते, आणि ट्रॅकवर तर सात-आठ फुटांवरच्या मैत्रिणीला ऐकू जाईल असे, धाप लागलेली असताना, दोन मिनिटे सतत बोलायचे असते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने पहिले चार महिने तोंडातून शब्द काढला नाही. ती उत्तम स्केटर होती. तिच्यासाठी मी स्केट काढून ठेवले आणि सगळ्यांना गोलात उभे करून केवळ हाका मारायचा सराव घेतला. डोळे मिटून, हाक कुणाची आणि कुठून आली ते ओळखायचे. पाचव्या महिन्यात ती बोलू लागली.

हाका कोणत्या भाषेत द्यायच्या, हा प्रश्न आपल्या भागात आपोआप येतो. माझ्याकडे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या मुली आहेत. सुरुवातीला मी मराठीत ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द ठरवले. पावसाळ्यात उघड्या सिमेंटच्या मैदानावर सराव करता येत नाही, त्यामुळे आषाढापासून कार्तिकापर्यंत, लग्नाचे मुहूर्त नसताना, एक मंगल कार्यालय आम्हाला संध्याकाळी मिळते. त्या सभागृहात आवाज घुमतो. घुमणाऱ्या जागेत ‘हात’ मधला ‘ह’ विरून जातो, आणि ‘आत’ व ‘हात’ यांत फरक कळत नाही. हात ही तर आमच्याकडची ताकीद आहे, कारण कोपराने किंवा हाताने ढकलले की दंड होतो. एका सरावात ‘आत’ ऐकून मुलगी आत सरकण्याऐवजी हात मागे घेऊन उभी राहिली, तेव्हा हा घोटाळा माझ्या लक्षात आला. मग आम्ही सगळ्या शब्दांची कानाने परीक्षा घेतली. कन्नडमधले ‘ओळगे’ शेवटच्या स्वरावर लांबवता येते आणि दूरवर पोहोचते, म्हणून आतल्या बाजूसाठी ते घेतले. बाहेरच्या बाजूसाठी ‘भायर’ ठेवले. ‘धर’ हा शब्द काढून टाकला, कारण कबड्डीच्या मुली तो ऐकताच खरोखर धरत. मागून आधार देणाऱ्या ब्लॉकरला आम्ही ‘टेकू’ म्हणतो आणि तिने भार घ्यावा यासाठी हाकही तीच. हे शब्द मुलींनी निवडले. कोणत्या भाषेचे किती, हे कुणी मोजले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. गेल्या दीड वर्षापासून मी एक नियम पाळते: जॅम सुरू झाल्याची शिट्टी वाजली की तो संपेपर्यंत मी एक शब्दही बोलत नाही, सरावातही नाही. जॅम संपल्यावरच्या ३० सेकंदांत पहिले वाक्य ट्रॅकवरून आलेल्या मुलीचे असते, माझे नसते. खेळाडूंनीच चालवलेल्या या खेळाचे नियमही मला या बाजूचे वाटतात. पॅकमधून सर्वप्रथम, नियम न मोडता बाहेर पडणारी जॅमर ही लीड जॅमर ठरते आणि दोन्ही हात कमरेवर वारंवार आपटून ती जॅम हवा तेव्हा थांबवू शकते. तो अधिकार फक्त तिचा आहे. प्रशिक्षकाने कितीही आरडाओरडा केला तरी जॅम थांबत नाही. प्रशिक्षकाच्या हातात संपूर्ण सामन्यात १ मिनिटाचे ३ विराम तेवढे असतात. ज्या खेळात सर्वांत मोठा निर्णय धावत्या खेळाडूने घ्यायचा आहे, तिथे निर्णय घेण्याची सवय लावणे हेच प्रशिक्षकाचे मुख्य काम आहे, आणि माझ्या बोलण्याने ती सवय मोडते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही अवश्य लिहा.

तांबडी_माती

ताई, नमस्कार. माझे बालपण शहापूरच्या तालमीत गेले आणि पुढे मी अनेक वर्षे कबड्डी शिकवली, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. साखळीविषयीचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. आमच्या पोरांनासुद्धा हाताची साखळी सुटली की काय करावे ते कळत नाही, कारण ती सुटल्यावर बोलायचे असते हे आम्ही शिकवत नाही.

परंतु तुमचा मुख्य निष्कर्ष मला मान्य नाही. तालमीत वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून बोलतो, त्याचा हेतू केवळ डाव सांगणे हा नसतो. खाली सापडलेल्या पोराला वस्तादाचा आवाज ऐकू आला की आपण एकटे नाही हे त्याला कळते, आणि त्या एका जाणिवेवर तो मान सोडवून घेतो. नवख्या मुलीला चार जणी अंगावर येत असताना तुम्ही गप्प उभ्या राहिलात, तर तिला ते कसे वाटत असेल? शांत राहणे हे तयार खेळाडूंच्या बाबतीत योग्य असेल. कच्च्या मातीला मात्र हात लावून ठेवावा लागतो. शिवाय चूक घडते त्याच क्षणी सांगितली तर शरीर ती लक्षात ठेवते. जॅम संपल्यावर सांगितली तर ती डोक्याला कळते, पायाला कळत नाही.

निपाणी_नाका

धागा वाचून आनंद झाला. माझी मुलगी १३ वर्षांची आहे आणि चार वर्षे स्पीड स्केटिंग करते. तिला डर्बी शिकायची आहे, परंतु आम्हा घरच्यांना धडकांची भीती वाटते. धक्के मारणे हाच ज्या खेळाचा भाग आहे, त्यात इतक्या लहान मुलीला पाठवावे का? तुम्ही पडण्याविषयी काहीच लिहिले नाही, आणि पालक म्हणून आमच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

मार्कंडेयकाठ

@निपाणी_नाका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो आधीच्या लेखनात घ्यायला हवा होता.

धक्का कुठे द्यायचा आणि कुठे नाही, याचे नियम कडक आहेत. डोके, पाठ आणि मांडीच्या मध्यापासून खालचे पाय यांवर आघात करता येत नाही. कोपर आणि हात वापरून ढकलता येत नाही. धक्का खांदा, छातीचा पुढचा भाग, कंबर आणि नितंब यांनी द्यायचा असतो. कनिष्ठ गटाच्या खेळात संपर्काच्या ३ पातळ्या मानतात आणि पहिल्या पातळीवर धक्का अजिबात नसतो, केवळ वाटेत उभे राहून अडवायचे असते. तुमच्या मुलीच्या वयाच्या मुली माझ्याकडे वर्षभर तेवढेच करतात.

पडणे मात्र पहिल्याच दिवशी शिकवते. हेल्मेट, दातांचा गार्ड, मनगटाचे, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड घातल्याशिवाय मी कुणालाही ट्रॅकवर उतरू देत नाही, आणि पहिले दोन आठवडे मुली मुख्यतः पडतात आणि उठतात. आधी एका गुडघ्यावर, मग दोन्ही गुडघ्यांवर. शरीर आखडून लहान करायचे, हात छातीशी घ्यायचे आणि मुठी मिटायच्या, कारण जमिनीवर पसरलेल्या बोटांवरून मागून येणारीचे चाक जाऊ शकते. पडल्यापासून ३ सेकंदांत उठून उभे राहायचे. मागे पडणे हे सर्वांत धोक्याचे, म्हणून तोल मागे जाऊ लागला की गुडघे आणखी वाकवून एका कुल्ल्यावर बसायचे, हे आम्ही गादीवर शिकतो. मंगल कार्यालयाची फरशी गुळगुळीत असल्याने तिथे मऊ चाके वापरतो. तीच चाके सिमेंटवर फार चिकटतात आणि लवकर झिजतात, म्हणून तिथे कठीण चाके लावतो. चुकीच्या चाकांमुळे होणाऱ्या घसरणीचा दोष मुलीच्या पायांना देऊ नये.

डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी ती मुलगी त्या दिवशी पुन्हा खेळत नाही. हेल्मेट कवटीला वाचवते; मेंदूला बसलेला हिसका ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. एकदा एका मुलीने मला काही झालेले नाही असे तीन वेळा सांगितले आणि तरी मी तिला बसवले. ती रडली. संध्याकाळी तिला उलटी झाली आणि तिच्या वडिलांनी तिला डॉक्टरांकडे नेले. ती बरी झाली. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच ती परतली. इथे मी गप्प राहत नाही. माझा मौनाचा नियम खेळातल्या निर्णयांसाठी आहे. इजा दिसली की शिट्टी माझ्या हातात असते.

@तांबडी_माती, तुमच्या मुद्द्याचे उत्तर मला लगेच देता येत नाही. चूक त्याच क्षणी सांगण्याविषयी एवढेच म्हणेन की ती सांगायला हवी हे मला मान्य आहे. माझा आग्रह असा की ती शेजारणीने सांगावी. भिंतीतली मुलगी ‘भायर’ म्हणून ओरडते तेव्हा ती चूकच दाखवत असते, आणि तेही माझ्यापेक्षा अर्धा सेकंद आधी, कारण तिच्या खांद्याला जॅमरचा भार आधी जाणवतो. मी मधोमध उभी राहून जे पाहते ते घडून गेलेले असते.

चाकांचा_आवाज

मी मुलांना स्पीड स्केटिंग शिकवतो. बोलण्यावर इतका भर देण्यापूर्वी मुलींच्या पायांत पुरेसे बळ आहे का, असा माझा प्रश्न आहे. डर्बीत ५ मिनिटांत २७ फेऱ्यांची एक चाचणी असते, असे मी ऐकून आहे. जिला ते जमत नाही तिला बोलायला श्वास कुठून मिळणार?

मार्कंडेयकाठ

होय, ती चाचणी बरीच वर्षे पायरी म्हणून वापरली गेली आणि मीही ती घेते. परंतु डर्बीचा वेग स्पीड स्केटिंगपेक्षा वेगळ्या प्रकारचा आहे. भिंतीतली मुलगी बहुतेक वेळ उलटी वळून, मान मागे ठेवून, जवळजवळ जागच्या जागी थांबत असते. तिला पळण्यापेक्षा ब्रेक लावणे अधिक यावे लागते. माझ्या गटात २७ फेऱ्या सहज मारणाऱ्या दोन मुली भिंतीत सर्वांत कच्च्या आहेत, आणि २२ फेऱ्यांवर अडकलेली एक मुलगी असा टेकू देते की तिच्या मागून कुणी हलत नाही. श्वासाचे म्हणाल, तर बोलत बोलत फेऱ्या मारायला लावते. कबड्डीचा दम हाच तर आहे.

घटप्रभा

माझी मातृभाषा कन्नड आहे आणि माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले. माझी मुलगी या गटात खेळते, म्हणून लिहिते आहे. ताईंना मी ओळखते, तरीही त्यांना न विचारता लिहीत आहे.

‘ओळगे’ हा शब्द घेतला गेला त्या दिवशी मुलगी घरी येऊन सांगत होती की तिचा शब्द निवडला गेला. तोपर्यंत ती ट्रॅकवर मराठी शब्द मनात भाषांतरित करून मग हलत असे. तेवढ्यात जॅमर निघून जाई. आता ती बोलते, इतकी की तिच्या आजीने घरात हळू बोल म्हणून सांगायला सुरुवात केली आहे, आणि मी आजीला विनंती केली आहे की तिला थांबवू नका.

परंतु एक गोष्ट ताईंच्या नजरेस आणावी असे वाटते. उर्दू बोलणारी जी एकच मुलगी गटात आहे, तिच्या घरचा एकही शब्द अजून यादीत नाही. शब्द कानाने निवडले हे खरे. परंतु कानासमोर कोणते शब्द ठेवले गेले, हेही पाहायला हवे. ती मुलगी कधी तक्रार करणार नाही.

मार्कंडेयकाठ

@घटप्रभा, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते, आणि ते यायला हवे होते. येत्या सरावात यादी पुन्हा उघडू. जॅमरला आपण ट्रॅकबाहेर ढकलले की तिला ज्या ब्लॉकरने ढकलले तिच्या मागूनच आत यावे लागते, म्हणून आमच्या मुली ताबडतोब उलट्या दिशेला सरकतात आणि तिला मागे खेचत नेतात. मात्र पॅकपासून फार दूर जाता येत नाही. ब्लॉकरमधले अंतर १० फुटांच्या आत राहिले तरच पॅक टिकतो, म्हणून वाटेत एकेकीने पुलासारखे थांबायचे असते. या सगळ्यासाठी आम्हाला अजून नीट हाक सापडलेली नाही. ‘मागे’ म्हटले की काही जणी फक्त मान वळवतात. तो शब्द तिलाच शोधायला सांगते.

पिव्हट_पट्टा

मी ताईंच्या गटातली खेळाडू आहे. माझे वय १९ आहे आणि मी खानापूरहून येते. सगळे मोठे लिहीत आहेत, म्हणून लिहू की नको असा विचार करत होते.

ताईंनी बोलणे थांबवले त्या पहिल्या महिन्यात मला फार वाईट वाटले होते. आपण इतके वाईट खेळतो की ताईंनी लक्ष देणे सोडले, असे मला वाटले, आणि मी घरी आईजवळ तसे म्हणालेही. वस्तादांचा आवाज ऐकून पोराला धीर येतो, असे काकांनी वर लिहिले आहे. ते मला पूर्णपणे पटते. तो धीर आमच्याकडून काढून घेतला गेला होता आणि का काढून घेतला ते आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

मग एक जॅम असा आला, जो मी विसरू शकत नाही. आमची एक ब्लॉकर दंडात बसली होती आणि भिंतीत आम्ही तिघीच होतो. समोरची जॅमर माझ्याहून उंच होती. ती डाव्या बाजूने आली तेव्हा मी ‘ओळगे’ म्हटले. मला वाटते ते मी आयुष्यात इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच काही बोलले असेन. टेकू माझ्या पाठीशी आली. जॅमरने दिशा बदलली, तिसरीने ‘भायर’ म्हटले, आणि आम्ही तिघी एकत्र सरकलो. असे चार वेळा झाले. आमची चौथी मैत्रीण दंड संपवून परत आली तेव्हा जॅमर अजून आमच्या मागेच होती. त्या वेळी ताई काय करत आहेत हे मी पाहिलेसुद्धा नाही. मला ते नंतर आठवले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ताईंचा नियम बरोबर आहे, परंतु तो लावण्याआधी आम्हाला सांगायला हवे होते.

मार्कंडेयकाठ

तुझे म्हणणे मी तीन वेळा वाचले. तू लिहिलेस ते बरे केलेस, आणि तू हे तेव्हा मला सांगू शकली नाहीस याची जबाबदारी माझी आहे. मुलींना एकमेकींशी बोलायला शिकवताना त्यांनी माझ्याशीही बोलावे, याची तजवीज मी केली नव्हती. नवीन मुलींसाठी आता असे करते: पहिल्या दिवशी नियम सांगेन आणि त्यामागचे कारणही सांगेन, शिवाय पहिले तीन महिने जॅम चालू असताना मी ट्रॅकच्या मधोमध उभी न राहता बाकाशेजारी, मुलींना माझा चेहरा दिसेल अशा जागी उभी राहीन. बोलणार नाही, पण दिसेन.

@तांबडी_माती, तुम्ही म्हणता तो धीर आणि मी ज्याला सूचना म्हणते ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या मुलीमुळे कळले. मी दोन्ही एकदम बंद केल्या. सूचना बंद ठेवण्यावर मी ठाम आहे. धीर कसा पोहोचवायचा हे तुमच्याकडून शिकायला आवडेल.

तांबडी_माती

ताई, या पोरीचे लिहिणे वाचून मलाही माझे काही विद्यार्थी आठवले, ज्यांना मी कधी कारण सांगितले नाही. वस्तादाने एक डाव स्वतःजवळ राखून ठेवावा, असे आमच्या तालमीत म्हणत असत, आणि मी ते बरीच वर्षे पाळले. मुलांनी स्वतः निर्णय घ्यायचा असेल तर राखून ठेवणे परवडत नाही, एवढे मान्य करतो. मौनाविषयी मात्र माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही; प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बदलणारही नाही.

एक सुचवतो. जॅमर आपला तारा पिव्हटच्या हातात देते आणि मग पिव्हटच जॅमर होते, असे मी वाचले. त्यासाठी तुमची हाक कोणती?

पिव्हट_पट्टा

काका, आम्ही ‘तारा’ म्हणतो, पण तो शब्द दोघींपैकी कुणी म्हणायचा हे ठरलेले नाही. कधी जॅमर म्हणते, कधी मी मागते, आणि दोघी एकदम ओरडलो की प्रतिस्पर्ध्यांना सगळे कळते. तारा खाली पडला तर तो उचलेपर्यंत जॅमही जवळजवळ संपतो.

तांबडी_माती

मग ‘खो’ म्हणा. खो-खोत पाठलाग करणारी बसलेलीला मागून हात लावते आणि मोठ्याने ‘खो’ म्हणते. तोपर्यंत बसलेलीने उठायचे नाही, आणि खो मिळाला की पहिलीने तिची जागा घ्यायची. कोण बोलेल, कोण उठेल, हे त्या एका शब्दात ठरलेले आहे. मराठी शाळेत, कन्नड शाळेत आणि उर्दू शाळेत तो शब्द एकच आहे.

मार्कंडेयकाठ

हे आम्हाला इतके दिवस सुचले नाही! देणारीनेच म्हणायचे आणि घेणारीने तोपर्यंत हात पुढे करायचा नाही, हेही त्यातच आले. रविवारी करून पाहते.

पिव्हट_पट्टा

रविवारी करून पाहिले. पहिल्या दोन वेळी मी ‘खो’ ऐकताच तारा न घेताच पळत सुटले, कारण शाळेत तशीच सवय होती, आणि जॅमर हातात तारा धरून मागे राहिली. तिसऱ्या वेळी जमले. त्यानंतर अकरा वेळा केले, त्यांत दोनदाच तारा पडला.

मागे खेचण्याच्या हाकेसाठी आमच्या उर्दूवाल्या मैत्रिणीने ‘वापस’ सुचवला. सभागृहात ‘वा’ लांबवता येतो आणि तो दुसऱ्या कशासारखा ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांनी तो घेतला. तिने तो इतक्या जोरात म्हणून दाखवला की कार्यालयाचे राखणदार काका दारातून आत पाहायला आले.

तांबडी_माती

पुढच्या रविवारी मी येतो. कुठे उभे राहायचे ते सांगा; जॅम चालू असताना बोलणार नाही.

मार्कंडेयकाठ

सर, अवश्य या. संध्याकाळी ५ ला सुरू करतो. ट्रॅकची दोरी अंथरून तिच्यावर पट्टी चिकटवायला अर्धा तास लागतो, त्यामुळे साडेचारला आलात तर मुलींशी आधी बोलणेही होईल. बाकाशेजारी, माझ्या डाव्या हाताला उभे राहा. तिथून भिंतीतल्या मुलींचे चेहरे दिसतात.